पाळणाघराला मिळालेले तारे

माझं पाळणाघर सुरू झालं ते तिच्यामुळे. जोगेश्वरी पूर्वेला आमची चाळ पाडून पुनर्वसनाची इमारत उभी राहिली आणि सोडतीत मला तळमजल्यावरची खोली लागली. सगळे हळहळले. तळमजला म्हणजे उंदीर, डास, गटाराचा वास. ती एकटीच म्हणाली, "वेडी आहेस का? मुलं सोडायला-न्यायला तळमजल्यासारखं दुसरं काही नाही." तेव्हा माझ्याकडे फक्त शेजारणीचं तान्हं बाळ असायचं. शेजारीण दागिन्यांच्या कारखान्यात कामाला जायची आणि जाताना बाळ माझ्या मांडीवर ठेवून जायची. मी ते उपकार म्हणून सांभाळत होते.

"उपकार कसले करतेस गं? संध्याकाळी पाठ मोडते ना तुझी? मग ते काम आहे. काम म्हणूनच कर," तिने मला ठणकावलं.

ती माझी मैत्रीण. चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. एकाच नळावर आम्ही भांडलो, एकाच शाळेत गेलो, आणि लग्नं झाल्यावरही दोघींपैकी एकीनेही जोगेश्वरी सोडली नाही. पाळणाघर आम्ही दोघींनी मिळून चालवलं, बरीच वर्षं. मुलांचं खाणंपिणं, झोपवणं माझ्याकडे. गाणी, गोष्टी आणि आईबापांशी बोलणं तिच्याकडे. ती बोलायला लागली की समोरचा ऐकतोच. एकदा उन्हाळ्यात आम्ही पुढच्या खोलीची भिंत पिवळ्या रंगाने रंगवली आणि सगळ्या मुलांचे हात रंगात बुडवून त्या भिंतीवर उमटवले. सगळ्यात वर, मुलांचा हात पोचणार नाही तिथे, आमच्या दोघींचे दोन हात. रंग नखांतून निघेना, म्हणून नंतर कितीतरी दिवस आम्ही एकमेकींना बोटं दाखवून हसायचो.

पुढे तिने बालशिक्षणाचा एक कोर्स केला आणि अंधेरीच्या एका संस्थेत तिला नोकरी मिळाली. मला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? पण अभिमानही तेवढाच वाटला. पहिल्या दिवशी मी तिला माझी चांगली पर्स दिली. म्हटलं, ऑफिसात कापडी पिशवी घेऊन जाऊ नकोस.

साधारण वर्षभराने ती तारे घेऊन आली.

संस्थेने पाळणाघरांना दर्जा ठरवून द्यायचा कार्यक्रम काढला होता. कोणीतरी येऊन पाहणी करणार. जागा स्वच्छ आहे का, गॅस मुलांपासून लांब आहे का, बाईचं मुलांशी वागणं कसं आहे, मुलांना दिवसभर काय करायला मिळतं, हे सगळं बघून एक ते पाच तारे देणार. ज्यांना कमी मिळतील त्यांना प्रशिक्षण, खेळणी, औषधाची पेटी देऊन वर आणणार. ऐकायला छान होतं. पण आमच्या भागात एकही बाई तयार होईना. आमच्यासारखी घरगुती पाळणाघरं दार लोटून चालतात. कोणाला भीती की विजेचं मीटर बदलायला लावतील, कोणाला सोसायटीच्या नोटिशीची, कोणाला घरमालकाची. जो बघायला येतो तो आज ना उद्या बंद करायला येतो, असाच सगळ्यांचा अनुभव.

"तू आलीस तर बाकीच्या येतील," ती मला म्हणाली. माझ्याच स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, वाटीत शेंगदाणे घेऊन. "मला यात पाळणाघरं जोडून दाखवायचीत. नाही जोडली तर तिथे माझं काय काम?"

"आणि एकच तारा दिलात तर? ते आईबापांना कळलं की संपलंच ना आमचं."

"कोणाला कळणार नाही. पहिलं वर्ष तारे फक्त तुमच्यात आणि संस्थेत. बाहेर एक अक्षर जाणार नाही. आधी मदत, मग तारे. मी आहे ना तिथे?"

ती होती ना तिथे. मला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

मग आम्ही दोघी घरोघर फिरलो. ती कार्यक्रम समजावून सांगायची, पण बायका बघायच्या माझ्याकडे. मी म्हणायचे, हो, पहिलं वर्ष कोणाला कळणार नाही, मी पण नाव दिलंय. सगळ्यात अवघड गेल्या त्या टेकडीच्या चढावरच्या काकी. मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यापासून पोरं सांभाळत आलेल्या. त्यांच्याकडे वाढलेली मुलं आता आपली मुलं त्यांच्याकडे आणून सोडायची. एकच खोली, त्यातच मोरी, संडास बाहेर सार्वजनिक.

"माका कोणाचे तारे नको गो बाये," काकी म्हणाल्या. "पोरां घराक जाताना हसत जातत, माका ताच पुरे आसा."

मैत्रीण बराच वेळ बोलली. काकी मान हलवत ऐकत राहिल्या आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू काय म्हणतंस?"

"मी जातेय काकी. तुम्ही पण चला."

"मग येतंय," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच.

प्रशिक्षण चांगलं होतं, हे मी आजही नाकारणार नाही. शनिवारी एका शाळेच्या वर्गात आम्ही बसायचो, मुलांच्या छोट्या बाकांवर गुडघे वर करून. तिथे एक बाई म्हणाल्या, बाळाला उचलण्याआधी त्याला सांगा, मी तुला आता उचलतेय. आम्ही सगळ्या हसलो. पाच महिन्यांच्या बाळाला काय कळतंय? पण सोमवारी मी करून बघितलं. माझ्याकडे एक मुलगी होती, लंगोट बदलायला घेतली की किंचाळायची. तिच्यापुढे खाली बसून मी रोज सांगायला लागले, आता तुला उचलते, आता ओलं काढते, आता कोरडं घालते. काही दिवसांनी ती किंचाळायची थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत पडून राहायला लागली. भरवताना मोबाईलवर कार्टून लावायची सवयही मी मोडली. काकींनी रिकाम्या बाटल्यांत डाळी, चवळी भरून, झाकणं पक्की चिकटवून खुळखुळे केले आणि सगळ्यांना एकेक वाटला. आम्हा बायकांची एकमेकींशी ओळख झाली. त्याआधी आम्ही रस्त्यात दिसलो तरी एकमेकींची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या म्हणूनच बघत होतो.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता आमच्या इमारतीचं ड्रेनेज तुंबलं. सकाळी मुलं आली आणि थोड्याच वेळात मोरीतून काळं पाणी वर यायला लागलं. बघता बघता स्वयंपाकघर भरलं. मी सगळ्या मुलांना पुढच्या खोलीत आणलं, सामान हाताला लागेल तसं वर चढवलं, भिजलेल्या चटया दोरीवर टाकल्या. एका मुलाला ताप होता. त्याच्या आईला फोन लागेना, कारण तिच्या कारखान्यात आत जाताना फोन गेटवर जमा करतात. त्याला मी पिवळ्या भिंतीशी कांद्याच्या पोत्याच्या बाजूला गोधडीवर झोपवलं, कारण तेवढीच जागा कोरडी होती. मग मी मैत्रिणीला फोन केला. दुसऱ्या कोणाला करणार?

ती ऑफिस सोडून आली. सलवार वर खोचून माझ्याबरोबर पाणी काढलं, खराट्याने, डस्टपॅनने, हाताला येईल त्याने. तापलेल्या मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. मध्येच मोबाईल काढून तिने फोटो घेतले.

"कशाला गं?"

"सोसायटीच्या कमिटीला दाखवायला. फोटो असल्याशिवाय ते ढिम्म हलणार नाहीत."

मी म्हटलं, घे, सगळीकडचे घे. दुपारी सेक्रेटरींनी माणसं आणली, चेंबर उघडून साफ केलं. संध्याकाळी आम्ही दोघी फिनेलच्या वासात चहा पीत बसलो. मला आठवतं, मी तिचा हात धरून म्हटलं होतं, तू नसतीस तर आज माझी वाट लागली असती.

मग मैत्रीणच आम्हा सगळ्यांकडे पाहणी करून गेली, तारे नंतर सांगू म्हणाली. त्यानंतर काही महिन्यांनी संस्थेने अंधेरीच्या एका हॉलमध्ये मोठा कार्यक्रम ठेवला. कंपन्यांची माणसं येणार होती, आपल्या कामगारांची मुलं कुठे ठेवायची ते ठरवणारी. पालक येणार होते. आणखी पाळणाघरं जोडायची म्हणून दुसऱ्या उपनगरांतल्या बायकांनाही बोलावलं होतं. आम्हाला तिने सांगितलं, तुम्ही पहिल्या, तुमचा मान आहे. आम्ही साड्या नेसून गेलो. काकींनी डोक्यात अबोलीचा वळेसर माळला होता.

मैत्रीण स्टेजवर होती. हातात माईक, निळी सिल्कची साडी. मी काकींना कोपराने ढोसलं, बघा कशी दिसतेय. ती नेहमीसारखीच छान बोलत होती. मग म्हणाली, "आपली मुलं दिवसभर कुठे असतात हे आपण कधी बघितलंय का? बघा." आणि मागच्या पडद्यावर फोटो आला.

ओल्या चटया लोंबताहेत. खाली काळं पाणी. कांद्याच्या पोत्याला लागून एक मूल गोधडीवर निपचित पडलंय, त्याचा चेहरा पुसट केलेला. आणि मागे पिवळी भिंत, मुलांच्या हातांची.

हॉलमध्ये सगळीकडून "च्च, च्च" असा आवाज आला. माझ्या मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "शी! कशी ठेवतात गं मुलं!"

काकी माझ्याकडे वळल्या. "गो, ही भिंत तुझीच मां?"

मी नुसती मान हलवली. स्टेजवर ती पुढे बोलत होती, "अशा ठिकाणी आपण आपलं मूल ठेवू का?" मग दुसरा फोटो आला. नव्या टॉवरच्या तळमजल्यावरचं मोठं डे-केअर, रबराची जमीन, रंगीत खुर्च्या, पाच तारे. टाळ्या पडल्या. आणि टाळ्या संपायच्या आत तिने जाहीर केलं की आजपासून प्रत्येक पाळणाघराचे तारे सगळ्यांना मोबाईलवर बघता येतील.

आजूबाजूला सगळ्यांनी मोबाईल काढले. आमच्यातल्या एकीने काकींना दाखवलं. त्यांना एक तारा होता. मला दोन.

चहाच्या टेबलापाशी मी तिला गाठलं. ती कंपनीच्या कोणाशी तरी बोलत होती. मला बघून हसली, मग माझा चेहरा बघून मला जिन्याकडे घेऊन गेली.

"तो माझ्या घरचा फोटो होता," मी म्हटलं.

"नाव कुठे टाकलं? चेहरा पण पुसलाय. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं. काकींना कळलं. भिंतीवर तुझा हात आहे गं, तुला कळला नाही?"

ती म्हणाली, "हे बघ, फरक दाखवल्याशिवाय लोक जोडले जात नाहीत. चांगली पाळणाघरं असा फोटो देणार नाहीत, आणि वाईट पाळणाघरात मला कोण आत घेणार? माझ्याकडे तेवढाच एक फोटो होता."

"त्या दिवशी तू माझ्याकडे पाणी काढायला आली होतीस की फोटो काढायला?"

तिने खाली बघितलं. खोटं बोलली असती तर मी विश्वास ठेवला असता, त्या क्षणीसुद्धा. पण ती म्हणाली, "दोन्ही."

परतताना रिक्षात मी, काकी आणि मोबाईल दाखवणारी ती, अशा तिघी होतो. काकींनी डोक्यातला वळेसर काढून पर्समध्ये ठेवला.

पुढच्याच आठवड्यात काकींची मुलं कमी व्हायला लागली. कोणी भांडून गेलं नाही. एकजण म्हणाली, गावाहून सासू आलीय, आता ती बघेल. दुसरी म्हणाली, नवऱ्याने मोबाईलवर बघितलं, तो ऐकत नाही. ज्या मुलाचा बापही काकींनीच वाढवलेला होता, तो बापच येऊन उभा राहिला, काकींच्या पाया पडला आणि मुलाचं दप्तर घेऊन गेला. माझ्याकडची दोन मुलं गेली. ज्या मुलाला त्या दिवशी ताप होता त्याची आई मात्र राहिली. तिला मी स्वतःच सांगितलं, तुझ्या मुलाचा फोटो असा असा लावला होता. ती माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मावशी, माझा फोन गेटवर नसता तर मी आले असते ना."

मी काकींकडे गेले. खोलीत एकच बाळ पाळण्यात होतं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"काकी, मला माहीत नव्हतं."

"ता माका समाजला," त्या म्हणाल्या. "माका तुझो राग नाय. पण मी तिच्या सांगण्यान नाय इलंय. तू येतंस म्हणान मी इलंय."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. उतारावरून खाली येताना मला पहिल्यांदा रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. अंगाची आग होत होती. माझा शब्द उसना घेऊन तिने दारं उघडून घेतली होती. तिच्या कोर्सने, तिच्या भाषणाने एकही दार उघडलं नव्हतं. तिला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ती मला बरोबर घेऊन फिरली.

आम्ही सगळ्या जणी मिळून संस्थेच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मोठ्या मॅडमनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, ऐकून घेतलं. मैत्रीण त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर होती. मी म्हटलं, "पहिलं वर्ष तारे बाहेर सांगणार नाही असं ठरलं होतं. तुम्ही शब्द मोडलात."

मॅडम गोंधळल्या. "असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी मैत्रिणीकडे बघितलं.

"तारे पहिल्या दिवसापासून पालकांसाठीच होते," मॅडम म्हणाल्या. "लपवायचे असते तर द्यायचेच कशाला? हे सगळ्यांना स्पष्ट सांगा असं आम्ही आमच्या माणसांना सांगितलं होतं." मग त्याही तिच्याकडे वळल्या.

ती टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होती. मी वाट बघितली. मला वाटलं, आता म्हणेल की काहीतरी गैरसमज झाला, किंवा रडेल, किंवा माझ्यावर ढकलेल. तिने तो ग्लास फक्त थोडा बाजूला सरकवला. फोटोचं मी एक वेळ समजून घेतलं असतं. वरून दबाव आला असेल, फोटो सापडला असेल, वापरला असेल. पण हे तिला माझ्या ओट्याला टेकून शेंगदाणे खाताना माहीत होतं. त्यानंतर आम्ही गेलो त्या प्रत्येक घरी माहीत होतं. काकींनी "तू काय म्हणतंस" असं विचारलं तेव्हा ती माझ्या बाजूलाच उभी होती.

मॅडमनी फोटो काढून टाकायला सांगितला. तारे काढता येणार नाहीत म्हणाल्या, पण ज्यांना हवी त्यांची नव्याने पाहणी होईल, दुसरं कोणीतरी येईल. काकी तिथेच उठल्या. "माका परत कोण बघूक नको," म्हणाल्या आणि बाहेर जाऊन जिन्यावर बसल्या. बाकीच्या माझ्याकडे बघायला लागल्या. या वेळी मी म्हटलं, ज्यांनी त्यांनी आपापलं ठरवा, मी कोणाला काही सांगणार नाही.

मी पाहणी घेतली. रागाच्या भरात नाव काढून टाकावं असं दहा वेळा वाटलं, पण एक गोष्ट मला आतून खात होती. आईबापांना कळायला पाहिजेच की. मी आई असते आणि दिवसभर माझा फोन गेटवर असता, तर आत काय चाललंय हे कोणीतरी मला सांगावं असं मलाही वाटलं असतं. फक्त ते सांगणारी माझ्याकडे मैत्रीण म्हणून आलेली नको.

या वेळी डोंबिवलीहून एक मुलगी आली. मी चहा विचारला, ती नको म्हणाली. पोह्यांनाही हात लावला नाही. सकाळभर भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि बघत राहिली. मला राग आला तिचा, काय हा ताठा. दुपारी जाताना तिने सांगितलं की स्वयंपाकघराच्या दाराला फळी लावा, रांगणारी मुलं आत जातायत. मग म्हणाली, "तुम्ही बाळांशी बोलता ते मला फार आवडलं." तीन तारे दिले. फळी मी दुसऱ्याच दिवशी सुताराकडून लावून घेतली.

काकींकडे आता दोन मुलं आहेत. त्यांच्या आयांनी मोबाईलवर काय बघितलं, काय नाही, मला माहीत नाही. मी अधूनमधून जाते, त्या चहा करतात, आम्ही गावच्या, भाजीच्या गप्पा मारतो. पण "तू काय म्हणतंस" असं त्यांनी मला पुन्हा कधी विचारलेलं नाही.

मैत्रीण तीच नोकरी करते आहे. तिचे फोन आले, मी घेतले नाहीत. दिवाळीला तिच्या मुलाच्या हाती फराळाचा डबा आला, तो मी नाकारला नाही, पण डबा परत देताना त्यात काही घालून दिलं नाही. रिकामा डबा परत जाणं आमच्यात कधी झालं नव्हतं.

मागच्या महिन्यात ती स्टेशनबाहेर भाजीवाल्याकडे भेटली. पळायला जागा नव्हती. माझ्या हातात मेथीची जुडी, तिच्या हातात दुधी. ती थोडी वाळली होती. "कशी आहेस गं?" तिने विचारलं. "पोरं कशी आहेत?"

"बरी आहेत," मी म्हटलं. "तुम्ही कशा आहात?"

ठरवून म्हटलं नव्हतं. आपोआपच तोंडातून गेलं. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी बघितलं, आणि तेव्हा मला बरं वाटेल असं इतके दिवस वाटत आलं होतं, तसं काही वाटलं नाही. भाजीवाला सुटे मागत होता. मी सुटे दिले आणि घरी आले. मुलं उठायची वेळ झाली होती.